दाखला देणारा डॉक्टर

स्वारगेटच्या एसटी स्थानकात गाडी सुटण्याची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांना टाळीचा तो ओळखीचा आवाज ऐकू येतो. साडी नेसलेली एक व्यक्ती खिडक्यांखालून हात पुढे करीत जाते. कोणी पाच-दहा रुपये देतो, कोणी मान फिरवतो, आणि ती व्यक्ती पुढे सरकली की मागच्या बाकांवर ठरलेली चर्चा सुरू होते. हा खरा तृतीयपंथी, की पैशांसाठी साडी नेसलेला पुरुष? चर्चा करणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी गृहीत धरलेली असते. कुठेतरी एखादा डॉक्टर, एखादी रक्ताची तपासणी अशी असणारच, जी या प्रश्नाचा निकाल चुटकीसरशी लावून देईल. तोतया तृतीयपंथीयांना पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्या आम्ही वार्ताहरच लिहितो, आणि त्या लिहिताना त्यांचा खोटेपणा नेमका कशावरून ठरला, हे विचारायचे बहुधा राहून जाते.

हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती खरोखरच आला होता, असा एक डॉक्टर शंभर वर्षांपूर्वी बर्लिन शहरात होऊन गेला. शरीराची मापे घ्यावीत, प्रश्नावल्या भरून घ्याव्यात, आणि त्यातून माणसाचे लिंग व लैंगिकता यांचे सत्य शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध करावे, असा ध्यास त्याने घेतला होता. हे सिद्ध झाले की न्याय आपोआप मिळेल, अशी त्याची श्रद्धा होती. त्या श्रद्धेचे पुढे काय झाले, याची ही कथा आहे.

डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबेर्ग या प्रशियातील गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील हेर्मान हे तेथील नावाजलेले ज्यू डॉक्टर. मुलाचा ओढा प्रथम भाषा आणि साहित्याकडे होता. परंतु घराण्याचा वारसा त्याला अखेर वैद्यकाकडे घेऊन आला. १८९२ मध्ये पदवी मिळाल्यावर काही काळ माग्डेबुर्ग येथे आणि नंतर १८९६ पासून बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे त्यांनी दवाखाना चालवला. निसर्गोपचारावर विश्वास असलेला, दारूचे दुष्परिणाम सांगणारा, गोलमटोल बांध्याचा आणि भरघोस मिशांचा हा डॉक्टर चारचौघांसारखाच एक व्यावसायिक म्हणून आयुष्य काढू शकला असता.

एका रुग्णाच्या मृत्यूने ते घडू दिले नाही. हिर्शफेल्ड यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्या विवाहाच्या आदल्या रात्री स्वतःचा अंत करून घेतला. तो समलिंगी होता, आणि घरच्यांपुढे ते बोलण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने आपली व्यथा जगापुढे मांडण्याची विनंती डॉक्टरांना केली होती. त्याच सुमारास, १८९५ मध्ये, इंग्लंडात ऑस्कर वाइल्ड यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली होती. १८९६ मध्ये हिर्शफेल्ड यांनी टोपणनावाने आपली पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. १५ मे १८९७ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षात पदार्पण करताना, त्यांनी काही मित्रांसह वैज्ञानिक-मानवतावादी समितीची स्थापना केली. जर्मन दंडसंहितेतील १७५ वे कलम पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. ते रद्द व्हावे, हे समितीचे उद्दिष्ट होते.

हिर्शफेल्ड स्वतः समलिंगी होते. परंतु जाहीरपणे त्यांनी ते कधी सांगितले नाही. त्यांनी शास्त्रज्ञाचा पांढरा अंगरखा चढवला आणि आयुष्यभर तो उतरवला नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. एखादा माणूस जन्मतः डावखुरा असतो, तशीच ही प्रवृत्तीही जन्मजात आहे. ती शरीराच्या घडणीतच असते. मग निसर्गाने केलेल्या गोष्टीबद्दल कायदा शिक्षा कशी देणार? समितीच्या अर्जावर पुढे सुमारे सहा हजार नामवंतांनी सह्या केल्या. अल्बर्ट आइन्स्टाइन, टोमास मान, हेर्मान हेसे ही त्यांतली काही नावे.

जन्मजातपणा सिद्ध करायचा, तर पुरावा हवा. म्हणून हिर्शफेल्ड यांनी मोजमापे सुरू केली. खांद्यांची आणि कमरेची रुंदी, केसांची ठेवण, आवाजाची पट्टी, चालण्याची ढब, बालपणीचे खेळ, स्वप्ने, आवडीनिवडी, सर्व काही नोंदले जाऊ लागले. त्यांची प्रश्नावली वाढत वाढत शंभराहून अधिक प्रश्नांची झाली. १९०३ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थी आणि धातुकामगार यांना टपालाने प्रश्न पाठवून लैंगिकतेची पाहणी केली. काही विद्यार्थ्यांनी हा आपला अपमान आहे, अशी तक्रार केली आणि न्यायालयाने डॉक्टरांना दंड ठोठावला.

मोजमापाच्या या मार्गावरील पहिला मोठा अपघात १९०७ मध्ये घडला. कैसर विल्हेल्म यांच्या निकटच्या वर्तुळातील सरदार काउंट कूनो फॉन मोल्टके यांच्यावर माक्सिमिलियान हार्डेन या संपादकाने समलिंगी असल्याचे सूचित करणारे लेखन केले, आणि मोल्टके यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून न्यायालयापुढे आले डॉ. हिर्शफेल्ड. मोल्टके यांच्या घटस्फोटित पत्नीची जबानी ऐकून आणि न्यायालयात बसलेल्या त्या सरदाराचे निरीक्षण करून त्यांनी निर्वाळा दिला की, मोल्टके यांनी प्रत्यक्ष काही केलेले नसले, तरी त्यांची मूळ घडण समलिंगी आहे. जो माणूस स्वतःविषयी असे काही म्हणत नव्हता, उलट ते नाकारण्यासाठीच न्यायालयात आला होता, त्याचे अंतरंग दुसऱ्याने बाहेरून पाहून घोषित केले! हार्डेन सुटले. पुढे तो निकाल रद्द झाला, खटला पुन्हा चालला आणि हिर्शफेल्ड यांना आपले मत मागे घ्यावे लागले. देशभर त्यांच्यावर टीकेची झोड उठली, समितीचे अनेक पाठीराखे दूर झाले. या प्रकरणात त्यांचा हेतू वाईट नव्हता. समाजाच्या अत्युच्च स्तरातही अशी माणसे असतात, हे दाखवून कायदा बदलावा असे त्यांना वाटत होते. परंतु परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा हेतू आणि त्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोल्टके यांच्यापुरते पाहिले, तर त्या दिवशी हिर्शफेल्ड आणि त्यांचे विरोधक यांच्यात फारसा फरक उरला नव्हता.

तीनच वर्षांनी, १९१० मध्ये, त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विरुद्ध लिंगाचा पोशाख करण्याची अनावर ओढ असलेल्या १७ व्यक्तींच्या जीवनकहाण्या त्यात होत्या. त्यांपैकी १६ जन्माने पुरुष आणि एक स्त्री होती. या माणसांसाठी हिर्शफेल्ड यांनी ट्रान्सव्हेस्टाइट हा शब्द घडवला. आज आपण ज्यांना पारलिंगी म्हणतो, त्यांतलेही अनेक या एकाच शब्दाखाली येत. यातले बहुतेकजण समलिंगी नाहीत, हे त्यांनी निःसंदिग्धपणे नोंदवले. कोणाबद्दल आकर्षण वाटते आणि आपण स्वतः कोण आहोत असे वाटते, हे दोन निराळे प्रश्न आहेत, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. आणि हे त्यांना कळले ते कमरेच्या मापांवरून नव्हे. त्या १७ जणांनी सांगितलेले त्यांनी ऐकून घेतले, म्हणून कळले.

मापे मात्र सुटली नव्हती. पूर्ण पुरुष आणि पूर्ण स्त्री ही केवळ कल्पना आहे. प्रत्यक्षातला प्रत्येक माणूस त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, हा त्यांचा सिद्धान्त होता. जननेंद्रिये, शरीराची अन्य लक्षणे, लैंगिक ओढ आणि मनोवृत्ती असे चार गट त्यांनी पाडले. प्रत्येक गटात चार लक्षणे, म्हणजे एकूण सोळा. प्रत्येक लक्षण पुरुषी, बायकी किंवा मिश्र अशा तीन प्रकारचे असू शकते. मग माणसांचे एकूण प्रकार किती? कागद-पेन्सिल घेऊन कोणीही हे गणित करून पाहावे. तीनचा सोळावा घात, म्हणजे ४ कोटी ३० लाख ४६ हजार ७२१. हिर्शफेल्ड यांनी हा आकडा गंभीरपणे छापला. लक्षणे आणखी सूक्ष्मपणे पाहिली तर तो वाढतच जाईल, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. शरीराची तपासणी करून माणसांचे खाने पाडायला निघालेला शास्त्रज्ञ अखेर जवळपास प्रत्येक माणसासाठी वेगळा खाना मान्य करून मोकळा झाला होता. आपल्याच पद्धतीची ही मर्यादा आपण सिद्ध केली आहे, असे मात्र त्यांना वाटले नाही. त्यांना ती आपल्या शास्त्राची समृद्धी वाटली.

दरम्यान रस्त्यावरचा प्रश्न वेगळाच होता. जन्माने पुरुष असलेली व्यक्ती स्त्रीवेशात बाहेर पडली, की सार्वजनिक उपद्रवाच्या नावाखाली पोलीस तिला पकडत. हिर्शफेल्ड यांनी बर्लिन पोलिसांशी बोलणी केली आणि १९०९ च्या सुमारास एक अपूर्व कागद अस्तित्वात आला. डॉक्टरांच्या अहवालाच्या आधारे पोलीस एक दाखला देत; अमुक व्यक्ती स्त्रीचा वा पुरुषाचा पोशाख करते, याची पोलिसांना कल्पना आहे, एवढाच त्याचा आशय. रात्री रस्त्यात अडवणाऱ्या शिपायापुढे तो कागद धरला की अटक टळे. पुढे १९२० च्या दशकात प्रशियात स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल असे नाव अधिकृतपणे घेण्याची सोयही काहींना मिळाली. एका कागदाने किती माणसांचे जगणे सुसह्य झाले असेल, याची कल्पना ज्याला रोज चौकात हटकले जाते त्यालाच येईल. पण या सोयीची एक किंमत होती. माणसाच्या स्वतःच्या शब्दाला पोलीस ठाण्यात मोल नव्हते. मोल होते ते डॉक्टरांच्या सहीला. दाखल्याची किल्ली डॉक्टरांच्या खिशात होती. हिर्शफेल्ड यांच्यासारखा सहृदय माणूस त्या खुर्चीत होता तोवर हे खटकले नाही, इतकेच.

त्यांच्याच समितीत एका तरुणाला मात्र ते खटकत होते. कुर्ट हिलर हा कायद्याचा अभ्यासक. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाचे नावच मुळी माणसाचा स्वतःवरील हक्क असे होते. एखादी गोष्ट जन्मजात आहे म्हणून नव्हे, तर ती दुसऱ्या कोणाचे नुकसान करत नाही म्हणून कायद्याने तिच्या वाटेला जाऊ नये, अशी त्याची भूमिका होती. जीवशास्त्राच्या पुराव्याची भीक कशाला मागायची, असा त्या भूमिकेचा रोख. हिलर आणि हिर्शफेल्ड अनेक वर्षे एकत्र काम करीत राहिले. पण हा मतभेद कधी मिटला नाही. प्रस्तुत लेखकाला यात हिलर अधिक दूरदर्शी वाटतो. त्याचे कारण पुढच्या एका प्रकरणातही दिसते.

व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ ऑयगेन श्टायनाख यांनी उंदीर आणि गिनिपिग यांच्या लैंगिक ग्रंथी काढून व दुसऱ्या लिंगाच्या ग्रंथी बसवून त्यांचे वर्तन बदलून दाखवले होते. हिर्शफेल्ड हरखून गेले. माणसाची लैंगिकता ग्रंथींत असते, हे आता प्रयोगशाळेत सिद्ध होत होते! परंतु ज्या गोष्टीचे कारण ग्रंथीत सापडते, तिचा इलाजही ग्रंथीवरच केला जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात समलिंगी पुरुषांच्या शरीरात अन्य पुरुषांच्या वृषणाचे तुकडे बसवून त्यांना बरे करण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. हिर्शफेल्ड यांनी त्यांना पाठिंबा दिला. त्या साफ फसल्या, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. शरीरात पुरावा शोधून माणसाला निर्दोष ठरवायला निघालेला हा रस्ता शस्त्रक्रियेच्या टेबलाशी जाऊन थांबला होता.

या साऱ्या चुकांसह हिर्शफेल्ड यांचे खरे मोठेपण दिसते ते त्यांनी ६ जुलै १९१९ रोजी बर्लिनच्या टिअरगार्टेन भागात उघडलेल्या लैंगिक विज्ञान संस्थेत. प्रसिद्ध व्हायोलिनवादक योसेफ योआखिम यांचा जुना प्रासाद त्यांनी विकत घेतला होता. तेथे दवाखाना होता, ग्रंथालय होते, संग्रहालय होते. गरिबांना मोफत सल्ला मिळे. लोकांनी निनावी प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून पेटीत टाकावेत आणि संध्याकाळच्या सभेत डॉक्टरांनी त्यांची उत्तरे द्यावीत, असा परिपाठ होता. खर्च भागवण्यासाठी डॉक्टरांनी पौरुषवर्धक गोळ्यांना आपले नाव दिले, याबद्दल त्यांची थट्टाही झाली. तत्कालीन अनेक सुधारकांप्रमाणे त्यांना सुप्रजननशास्त्राचेही आकर्षण होते. ते आज वाचताना अस्वस्थ करते. दुसरीकडे शत्रूंची त्यांच्यावर नजर होतीच. १९२० मध्ये म्युनिक येथे व्याख्यानानंतर त्यांना इतकी मारहाण झाली की, वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाची बातमी छापली; रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी आपलेच मृत्युलेख वाचले.

संस्थेच्या स्वयंपाकघरात आणि घरकामात काही पारलिंगी स्त्रिया नोकरीस होत्या. बाहेर त्यांना कोणी कामावर ठेवत नसे. त्यांतली एक डोरा रिश्टर. बोहेमियाच्या डोंगराळ भागातील एका खेड्यात १८९२ मध्ये मुलगा म्हणून जन्मलेल्या डोराला लहानपणापासून आपण मुलगी आहोत असे वाटे. १९२२ मध्ये तिच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली आणि १९३१ मध्ये उरलेल्या शस्त्रक्रिया पूर्ण झाल्या. ज्ञात इतिहासात अशा संपूर्ण शस्त्रक्रियांमधून गेलेल्या पहिल्या काही व्यक्तींमध्ये तिची गणना होते. डॅनिश चित्रकार लिली एल्बे १९३० मध्ये बर्लिनला आली, तेव्हा तिलाही प्रथम तपासले ते हिर्शफेल्ड यांनीच.

येथे एका पुणेरी योगायोगाची आठवण होते. १९२८ मध्ये बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे याच काळात त्या शहराच्या डालेम भागातील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्या मोजत होत्या. युरोपीय आणि युरोपेतर वंशांच्या कवट्यांच्या असमतोलात फरक सापडेल, अशी गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी निमूटपणे मापे घेतली आणि तसा फरक सापडत नाही, असा निष्कर्ष लिहून प्रबंध सादर केला. फिशर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाचे आधारस्तंभ झाले. शरीराच्या मापातून माणसाची जात ठरवण्याचे आणि लिंग ठरवण्याचे प्रयत्न एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर चालू होते, आणि मापे काय सांगतात यापेक्षा ती कोणाच्या हातात आहेत यावर पुढचे सारे ठरणार होते.

१९३० च्या अखेरीस हिर्शफेल्ड व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले आणि तेथून जगप्रवासाला निघाले. जपान, चीन असा प्रवास करत १९३१ मध्ये ते भारतात आले. शांघायमध्ये भेटलेला ली शिऊ टोंग हा तरुण विद्यार्थी आता त्यांचा सहप्रवासी होता. कलकत्ता, पाटणा, अलाहाबाद, मुंबई असा त्यांचा दौरा झाला. अलाहाबादेत नेहरू कुटुंबाने त्यांचे आतिथ्य केले. मलेरियाने त्यांना गाठले, तरी व्याख्याने थांबली नाहीत. भारतीय समाजाची बदनामी करणाऱ्या कॅथरीन मेयो यांच्या पुस्तकाचा त्यांनी आपल्या प्रवासग्रंथात समाचार घेतला आणि भारताच्या स्वातंत्र्याची बाजू उचलून धरली.

ज्या देशात ते आले होते, तेथे एक तपासणी इंग्रजांनी साठ वर्षांपूर्वीच कायद्यात आणून ठेवली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नपुंसक कोणाला म्हणावे, तर जो स्वतः तसे मान्य करील किंवा वैद्यकीय तपासणीत जो तसा स्पष्टपणे आढळेल त्याला. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात नाचणे-गाणे हा गुन्हा, तिला मूल सांभाळण्यास बंदी, मृत्युपत्र करण्यास बंदी. बर्लिनच्या डॉक्टरांची तपासणी माणसाला पोलिसांपासून वाचवण्यासाठी होती. येथली त्याला पोलिसांच्या वहीत अडकवण्यासाठी.

हिर्शफेल्ड मुंबईत आले, त्या काळी गिरगावात इरावतीबाईंचे थोरले दीर र. धों. कर्वे समाजस्वास्थ्य हे मासिक चालवत होते. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेल्या या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात, बर्लिनच्या त्या चिठ्ठ्यांच्या पेटीसारखीच. समलिंगी संबंध आणि हस्तमैथुन यांसारख्या विषयांवरील उत्तरांबद्दल १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांनी ब्रिटिश लेखक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन, अशी प्रवृत्ती कोणात निसर्गतः असेल तर त्यात गैर काय, असा मुद्दा मांडला. हे एलिस म्हणजे लैंगिक सुधारणांच्या जागतिक संघटनेत हिर्शफेल्ड यांचे सहअध्यक्ष. परंतु बाबासाहेबांनी त्याला दुसरा एक मुद्दा जोडला होता, की आपल्याला हव्या त्या मार्गाने सुख मिळवण्याचा माणसाला हक्क आहे. पहिला मुद्दा हिर्शफेल्ड यांचा, दुसरा हिलर यांचा. न्यायालयाला दोन्ही पटले नाहीत. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

इकडे हिर्शफेल्ड १९३२ मध्ये युरोपात परतले, ते पुन्हा जर्मनीत पाऊल ठेवू शकले नाहीत. हिटलर सत्तेवर आला. ६ मे १९३३ रोजी सकाळी नाझी विद्यार्थ्यांनी वाद्यांच्या गजरात संस्थेवर चाल केली, कपाटे फोडली, कागदपत्रे लुटली. १० मे च्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकांची होळी झाली. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळा मिरवणुकीने नेऊन आगीत टाकण्यात आला. पॅरिसमधील एका चित्रपटगृहात वार्तापटाच्या पडद्यावर त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या कामाची राख होताना पाहिली.

समलिंगी प्रवृत्ती शरीरात असते, हा त्यांचा मुद्दा नव्या सत्ताधीशांना खोडून काढण्याची गरजही वाटली नाही. शरीरात असेल तर ती शरीरातून काढून टाकू, इतकेच त्यांचे म्हणणे. जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा आला. १९३५ मध्ये १७५ वे कलम अधिक कडक झाले. हजारो समलिंगी पुरुष गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत गेले आणि अनेकांचे खच्चीकरण करण्यात आले. डोरावर शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांपैकी एर्विन गोरबांट हे पुढे नाझी हवाई दलाचे वैद्यकीय सल्लागार झाले. तेच ज्ञान, तोच हात.

१४ मे १९३५ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे डॉ. हिर्शफेल्ड यांचे हृदयविकाराने निधन झाले. तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांचे दीर्घकाळचे सहकारी व जोडीदार कार्ल गीझे यांनी १९३८ मध्ये ब्रनो येथे आत्महत्या केली. ली शिऊ टोंग अनेक देशांतून भटकत अखेर कॅनडात व्हँकुव्हर येथे स्थायिक झाले. १९९३ मध्ये तेथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा गुरूची कागदपत्रे असलेली त्यांची पेटी कचऱ्यात टाकण्यात आली होती. एका शेजाऱ्याने ती उचलून ठेवली म्हणून वाचली.

हिर्शफेल्ड गेले, पण शरीराची साक्ष काढण्याची सवय गेली नाही. १९७० मध्ये इंग्लंडमधील कॉर्बेट खटल्यात न्यायमूर्ती रॉजर ऑर्मरॉड यांनी, जे स्वतः डॉक्टरही होते, गुणसूत्रे, ग्रंथी आणि जननेंद्रिये ही तीन लक्षणे जन्मवेळी जुळत असतील तर विवाहापुरते लिंग तेथेच कायमचे ठरते, असा निकाल दिला. हिर्शफेल्ड यांनी सोळा लक्षणे धरली होती. न्यायालयाने ती तीनवर आणली आणि मन वगळून टाकले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना, ही जैविक कसोटी नाकारली आणि व्यक्तीच्या मनाला जे लिंग आपले वाटते ते मानावे, असे सांगितले. तरीही संसदेत आलेल्या त्यानंतरच्या विधेयकात जिल्हा पातळीवर छाननी समिती नेमण्याची आणि त्यात वैद्यकीय अधिकारी बसवण्याची तरतूद होतीच. देशभरातील तृतीयपंथीयांनी तिला विरोध केला. २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्यातून ती समिती वगळण्यात आली.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाची परीक्षा झाली ती जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावी. ग्रामपंचायत निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागेवर अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, उमेदवाराने स्वतःला स्त्री म्हणून मानले आहे, ते पुरेसे आहे, असा निर्णय देत अर्ज ग्राह्य धरला. त्या निवडणुकीत अंजली विजयी झाल्या. गावकऱ्यांनी मत देताना कोणाची तपासणी मागितली नव्हती.

दुसरीकडे क्रीडाक्षेत्र उलट दिशेने निघाले आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने सप्टेंबर २०२५ पासून स्त्रियांच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांना एका जनुकाची चाचणी सक्तीची केली. शर्यतीतील न्याय्यतेचा प्रश्न खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र धावपट्टीसाठी आखलेली रेषा एसटीच्या गाडीत, घर भाड्याने देताना आणि रेशनच्या दुकानात ओढायची का, हा निराळा प्रश्न आहे, आणि गफलत नेमकी तेथे होते.

राहता राहिली डोरा रिश्टर. संस्थेवरील हल्ल्यात ती मारली गेली असावी, असे अनेक दशके पुस्तकांत छापले जात होते. अलीकडच्या संशोधनातून निराळीच हकीकत पुढे आली. ती निसटून आपल्या मूळ गावी परतली होती. १९३४ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारकडे अर्ज करून तिने आपले नाव अधिकृतपणे डोरा करून घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन भाषकांची तेथून हकालपट्टी झाली, तेव्हा ती बव्हेरियातील आलर्सबेर्ग या छोट्या गावी येऊन राहिली आणि १९६६ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तेथेच वारली. बर्लिनच्या संस्थेतील हजारो मापे आणि प्रश्नावल्या आगीत गेल्या. तिच्या खेड्यातील जन्मनोंदीच्या वहीत मात्र मुलाच्या नावाशेजारी नव्या नावाची नोंद कोणा लेखनिकाने करून ठेवली होती. संशोधकांना तिचा माग लागला, तो त्या नोंदीवरून.